अकरा खेपा आणि एक कपाट

शांतता अध्ययनाचा प्रबंध लिहायला घेतला, तेव्हा वाटलं होतं की या विषयाचे नॉर्वेजियन अभ्यासक योहान गाल्टुंग जड जातील. 'हाणामारी थांबली एवढीच नकारात्मक शांतता. भांडणाचं मूळ गेलं तर ती सकारात्मक,' हे त्यांचं म्हणणं दोन दिवसांत डोक्यात शिरलं. तंट्यांची नोंदवही बघायला मात्र पाच महिने लागले.

विषय घरचाच. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, १५ ऑगस्ट २००७ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावच्या समितीने दिवाणी, महसुली, फौजदारी तंटे सामोपचाराने मिटवायचे आणि गाव तंटामुक्त ठरलं की बक्षीस. मला बघायचं होतं, की तेव्हा मिटलेलं भांडण पुढे पुन्हा उकरलं गेलं का.

विद्यापीठातले सगळे सोपस्कार आठवड्यात उरकले. अडलं एका सरकारी कार्यालयात. तिथे म्हणाले, "वह्या पोलीस ठाण्यात." ठाण्यात म्हणाले, "वह्या ग्रामपंचायतीत." ग्रामसेवक नवे, आधीच्यांनी चार्ज देताना वही दिलीच नाही म्हणे. परत पहिल्या दारात, तर साहेब मीटिंगला. अशा अकरा खेपा. (आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊच नका, टेबलावर कुणी सापडत नाही.)

शेवटी माहितीचा अधिकार. पहिला अर्ज मी दोन पानी, विद्वत्तापूर्ण लिहिला. परत आला. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो. इथे चूक माझीच. दुसरा नेटका लिहिला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं. मुदत ३० दिवसांची. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर: 'माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.' अहो, मला नावं हवीच कुठे होती! पण 'नावे वगळून' हे दोन शब्द अर्जात नव्हते. ते आधीच लिहा. कायद्याच्या कलम १० प्रमाणे न देण्याजोगा भाग झाकून बाकीचा मागता येतो.

मग वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील. तेही उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत करावं लागतं. सुनावणी चार मिनिटं चालली. "नावांवर पट्टी लावा आणि दाखवा त्यांना," अपिलीय अधिकारी म्हणाले. वही निघाली कुठून, तर त्याच कार्यालयातल्या कपाटातून, जुन्या मतदार याद्यांखालून. अकरा वेळा मी त्याच कपाटासमोरच्या बाकावर बसले होते!

हो, एक राहिलंच. प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. पहिल्या दोन पत्रांची पोच मी घेतली नव्हती. ती आलीच नाहीत असं मला तोंडावर सांगितलं.

आणि वहीत काय? 'बांधाचा वाद, समजुतीने मिटला.' 'पाणंदीचा वाद, समजुतीने मिटला.' पानंच्या पानं एकाच हस्ताक्षरात. कोणी समजून घेतलं, कोणी माघार घेतली, एक अक्षर नाही. म्हणून गावात जाऊन बसले. भाऊबंदकीत मुरलेल्या एका आजोबांनी सांगितलं, "मिटतंय कसलं! बक्षिसासाठी सगळं गाव मागं लागलं, म्हणून सही केली. बांध त्यानं कोरलाय तो कोरलेलाच हाय."

प्रबंधाचं तिसरं प्रकरण तिथून सुरू केलं. शेजारच्या तालुक्यासाठीचा अर्ज परवा टाकला. शब्द दोनदा मोजले, एकशे बारा भरले. 'नावे वगळून' पहिल्याच ओळीत आहे.