पट्टीपासून भिंतीपर्यंत : आमची वाटचाल

वडिलांनी सत्तरच्या दशकात पुण्याच्या नारायण पेठेत फ्रेमचं दुकान सुरू केलं, तेव्हा गिऱ्हाईक फोटो घेऊन यायचं, पट्टी पसंत करायचं आणि तयार फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून घरी न्यायचं. पुढे ती कुठे लागते, कशी लागते, हे दुकानदाराने विचारायची पद्धत नव्हती. आज आमचं बरंचसं काम गिऱ्हाइकाच्या घरी, भिंतीसमोर उभं राहून होतं. त्यातही सगळ्यात जास्त विचारणा एकाच जागेची असते. दारातून आत शिरल्यावर समोर दिसणारं, भिंतीलगतचं अरुंद कन्सोल टेबल, नाहीतर बेडरूममधलं खणांचं ड्रेसर, आणि त्याच्या वरची मोकळी भिंत.

वाड्यांमध्ये ही अडचणच नव्हती. फोटो आढ्याजवळ ओळीने लागायचे आणि पुढे झुकलेले असायचे. मागची दोरी थोडी खाली बांधली की फोटो आपोआप झुकतो. खाली बैठकीवर बसलेल्या माणसाला तो नीट दिसतो, काचही चमकत नाही. वडील ती दोरी फार मन लावून बांधत. मग फ्लॅट आले, सोफे आले, छत खाली आलं. आढ्याजवळचे फोटो उतरले आणि टेबलाच्या वर येऊन थांबले. मी दुकानात बसू लागलो त्या सुमाराला गिऱ्हाइकं फ्रेम परत घेऊन यायला लागली. फ्रेममध्ये काही खोट नसायची. ‘घरी लावल्यावर ती छोटीच वाटते’, ही तक्रार.

तेव्हापासून आमच्याकडे चित्राच्या आधी टेबल मोजतात. चार फुटांचं टेबल असेल तर वरचा ऐवज, मग ते एक चित्र असो की तीन फोटोंचा गट, साधारण ३२ ते ३६ इंच रुंद हवा, म्हणजे टेबलाच्या दोन तृतीयांश ते पाऊणपट. आणि टेबलाच्या पृष्ठभागापासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत सहा ते आठ इंच. संग्रहालयांत चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर ठेवायची रीत आहे आणि ती वाचून लोक टेपने मोजून खिळा ठोकतात. मोकळ्या भिंतीवर ती रीत चांगली चालते. टेबलाच्या वर मात्र हिशेब करून बघा : टेबल ३२ इंच उंच, चित्र फक्त १२ इंचांचं. मध्य ५७ वर आणला तर खालची कड ५१ वर जाते आणि मधे १९ इंच भिंत उघडी राहते. टेबल एकीकडे, चित्र दुसरीकडे. तेच चित्र ३० इंच उंच असेल आणि टेबलावर सात इंच सोडून लावलं, तर त्याचा मध्य ५४ वर येतो, डोळ्यांसमोर. म्हणून छोटं चित्र आवडलं असेल तर आम्ही त्याला रुंद माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, सुचवतो, किंवा त्याच्या शेजारी उंच समई, फुलदाणी, दिवा ठेवायला सांगतो. चित्र वर सरकवणं हा उपाय नव्हे.

भिंतीला भोक पाडण्याआधी आम्ही वर्तमानपत्र फ्रेमच्या मापाने कापून कागदी चिकटपट्टीने भिंतीवर लावतो आणि निघून येतो. घरच्यांनी दोन दिवस येता-जाता ते बघायचं. घरातली बुटकी माणसं, उंच माणसं, सगळ्यांनी. आरसा असेल तर हे जास्तच गरजेचं. कन्सोलवरच्या आरशात काय दिसणार, हे दुकानात बसून कळत नाही. खिडकीतलं झाड दिसलं तर घर उजळतं, बाथरूमचं दार दिसलं तर रोज नकोसं होतं. बरीच घरं आरशासाठी उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत मागतात. आम्ही त्यावर वाद घालत नाही. त्या भिंतीवर समोर काय येतं एवढं मात्र दाखवतो.

भिंतींनी आम्हाला खूप शिकवलं. पेठांतल्या जुन्या मातीच्या भिंतीत खिळा ठोकला की पोपडा हातात येतो, तिथे लाकडी खुंटी बसवून मगच स्क्रू. विटांची भिंत सगळ्यात सरळ स्वभावाची. वाकड-बाणेरच्या नव्या इमारतींत एक तर अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं काँक्रीट असतं, ज्याला सगळे मिवान म्हणतात. तिथे हॅमर ड्रिलशिवाय इंचभरही आत जाता येत नाही. नाहीतर एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे, आणि वर जिप्समचा गिलावा. ही भिंत फसवी. खिळा लोण्यासारखा आत जातो, पण धरून ठेवणारं तिथे काही नसतं. गिलावा पार करून ब्लॉकमध्ये पोचणारी लांब गिट्टी, म्हणजे स्क्रूला घट्ट धरणारी भोकातली नळी, लागते. आरशाचं वजन लोकांना वाटतं त्याहून बरंच असतं. पाच मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. म्हणजे दोन बाय तीन फुटांचा आरसा नुसताच सात किलोंचा, फ्रेम वेगळी. खाली टेबलाशी मुलं खेळत असतात. म्हणून आरसा आम्ही दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही, आमचे मामाच बसवतात.

मामा म्हणजे वडिलांच्या वेळचे आमचे कारागीर. करवतीने लाकडी खाचेत पट्टी पंचेचाळीस अंशात कापायचे, आता मायटर सॉ आहे, कोपरे जोडायला मशीन आहे. पण सागवानी पट्टीचा कोपरा जुळला की नाही, हे ते अजून डोळे मिटून अंगठ्यानेच बघतात. टेबलावरच्या फ्रेमला ते मागे दोन बाजूंना दोन डी-रिंग, म्हणजे हुकात अडकवायच्या कड्या, लावतात आणि भिंतीत दोन हुक. एका खिळ्यावर दोरीने टांगलेली फ्रेम खालच्या टेबलाची धूळ पुसताना रोज थोडी तिरकी होते, दोन हुकांवरची हलत नाही. पाणसळ लावून ते हुकांची रेघ आखतात आणि फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवतात, म्हणजे मागून हवा खेळते आणि पावसाळ्यात ओल धरत नाही.

आपल्या घरांत या जागेचे दोन प्रश्न कुठल्याच परदेशी मासिकात सापडणार नाहीत. एक म्हणजे दारातल्या कन्सोलच्या पोटात बहुधा चपला असतात. वर गणपतीचा फोटो लावायची इच्छा असते आणि मन तयार होत नाही. मला ते मनापासून पटतं. तिथे निसर्गचित्र, वारली, पिंगुळीच्या चित्रकथीतला एखादा राजा-राणीचा प्रसंग लावावा आणि देव समोरच्या भिंतीवर. दुसरा प्रश्न भाद्रपदात येतो. हॉलमधलं तेच टेबल गौरी-गणपतीचं होतं आणि वरचं चित्र मखराच्या आड येतं. आम्ही हुकच असे बसवतो की चित्र सहज उतरावं आणि त्याच हुकांवर मागचा पडदा किंवा मखराची पाठ टांगता यावी. विसर्जनानंतर चित्र पुन्हा जाग्यावर, नवं भोक नाही. या एका कामामुळे किती घरांशी आमचं कायमचं नातं जुळलं.

पैठणीचा पदर फ्रेम करायची विचारणा गेल्या काही वर्षांत फार वाढली आहे, आणि त्यात आमचा जीव आहे. पदर साधारण ४५ इंच रुंद. पूर्ण उघडा लावायचा तर खाली निदान पाच फुटांचं टेबल हवं, ते सगळ्यांकडे नसतं. अशा वेळी पदर दुमडून मागे घेतो, कापत नाही. आईची पैठणी कापायला सांगणारं गिऱ्हाईक आम्ही परत पाठवलं आहे. बोर्डावर खळ काढलेला मांजरपाट ताणून बसवायचा आणि त्यावर पदर बारीक टाक्यांनी शिवायचा, काठाच्या विणीतून, जरीला सुई न लागता. डिंक, फेव्हिकॉल, स्टेपल काहीही नाही. काच आणि कापड यांच्यामध्ये पट्टी घालून पोकळी ठेवायची, नाहीतर दमट हवेत रेशीम काचेला चिकटतं. मोर नीट उभे दिसतात ना, हे बघायला माझी बायको शेवटी दोन पावलं मागे जाते. तिने मान हलवली की मागचा बोर्ड बंद.

जुने फोटोही असेच. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा आमच्या पेठेतल्या घरांत पाणी शिरलं होतं. त्या पाण्याची तपकिरी रेघ असलेले फोटो आजही दुकानात येतात. एका घरात आजीच्या शिसवी ड्रेसरवर असाच एक लग्नाचा फोटो लावायचा होता आणि नातवाला ती रेघ माउंटखाली झाकून हवी होती. आजींनी ती दिसू दे म्हणून सांगितलं. आम्ही माउंट मुद्दाम रुंद ठेवला, आम्लरहित, आणि रेघ पूर्ण उघडी ठेवली. वर उबदार पिवळ्या उजेडाचा दिवा, तोही थेट फोटोवर न पडणारा. मूळ फोटो उन्हात लावू नयेत असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो. उजेडाची भिंत असेल तर मूळ प्रत कपाटात ठेवून छापील प्रत लावावी.

तयार फ्रेमा घरपोच स्वस्तात मिळायला लागल्या तेव्हा आमच्या गल्ल्यावर परिणाम झाला, आणि २०२० मध्ये तर शटर महिनोन्‌महिने बंद होतं. पण त्याच फ्रेमा लावून द्यायला लोक आम्हाला बोलावू लागले. आम्ही आनंदाने जातो. फ्रेम कुणाची का असेना, भिंत त्यांच्या घरची आहे.

मोजमाप आषाढात करून घेतलेलं बरं. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात आम्ही फक्त मखराच्या हुकांची कामं घेतो. भिंतीला ओल असेल तर दसऱ्यापर्यंत काही टांगत नाही. तोवर तयार फ्रेम आमच्या माळ्यावर राहू शकते, त्याचे पैसे घेत नाही.