चार गुंठ्यांतलं सुख आणि गोगलगायी

जर्मन माणसाला सुखी व्हायला काय लागतं असं कोणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगीन, जेमतेम चार गुंठे जमीन, तीही भाड्याची, त्यावर एक लाकडी खोपटं, एक सफरचंदाचं झाड आणि तक्रार करायला एक शेजारी. बीअर वगैरे नंतर. हसू नका, खरंच सांगतेय. घरून फोन आला की सगळे विचारतात तिकडे लोक वीकेंडला काय करतात, स्वित्झर्लंडला वगैरे जातात का, तर नाही हो, आमच्या लायप्झिगमधले माझ्या ओळखीचे अर्धेअधिक लोक सायकलच्या बास्केटमध्ये मातीची पिशवी टाकून दहा-पंधरा मिनिटांवरच्या आपल्या बागेत जातात आणि संध्याकाळी उन्हाने लालबुंद होऊन परत येतात. सोमवारी ऑफिसात विचारलं काय केलंस वीकेंडला, तर उत्तर एकच, "गार्टन". त्यात सगळं आलं.

ह्या बागांना श्रेबरगार्टन म्हणतात, कायद्याच्या भाषेत क्लाइनगार्टन. घराला लागून असलेली बाग नव्हे हं ही. लोक राहतात चौथ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये आणि बाग असते दुसरीकडेच, रेल्वेच्या रुळांजवळ नाहीतर नदीकाठी, शेकडो बागा एकमेकींना चिकटून, मधून अरुंद पायवाटा. माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा ट्रेनच्या खिडकीतून ती छोटी छोटी खोपटी बघून म्हणाले, "इथेही झोपडपट्टी आहे की गं!" पण प्रत्येक झोपडीपुढे गुलाब कसे, हे कोडं त्यांना लायप्झिग येईपर्यंत सुटलं नाही. अख्ख्या जर्मनीत अशा साधारण ९ लाख बागा आहेत, आणि ह्या सगळ्या प्रकाराला नाव मिळालं ते आमच्या लायप्झिगमध्ये.

गंमत अशी की ज्या डॉक्टर मोरित्झ श्रेबरच्या नावाने ह्या बागा ओळखल्या जातात त्याने अशी एकही बाग कधी बघितली नाही. तो १८६१ मध्ये गेला. शहरातल्या पोरांना मोकळ्या हवेत खेळायला-धावायला मिळालं पाहिजे असं त्याचं म्हणणं होतं. तीन वर्षांनी, १८६४ ला, हाउशिल्ड नावाच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकाने पालकांना जमवून संस्था काढली आणि तिला श्रेबरचं नाव दिलं. त्यांनी केलं मैदान, बाग नाहीच. मग गेझेल नावाच्या मास्तरांना वाटलं की मैदानाच्या कडेने मुलांसाठी वाफे करू या, मुलं माती उकरतील, भाज्या लावतील, शिस्त लागेल. पुढे काय झालं असेल हे मराठी आईबापांना सांगायला नको, मुलं चार दिवसांत कंटाळली आणि वाफे आले आईवडलांच्या गळ्यात! फक्त इथल्या आईवडलांना ते आवडायला लागलं. मग त्यांनी कुंपणं घातली, बसायला मांडव केले, आणि दीडशेहून जास्त वर्षं झाली तरी कुंपणाच्या आतून कोणी बाहेर यायला तयार नाही.

पण हे नुसतं हौसेचं प्रकरण कधीच नव्हतं. पहिल्या महायुद्धात १९१६-१७ च्या हिवाळ्यात बटाटे संपले आणि लोकांनी सलगमसारखी जनावरांना घालायची कंदं खाऊन दिवस काढले, तेव्हा अशा बागांवर कित्येक घरं तगली. १९१९ मध्ये कायदा करून भाड्यावर लगाम घातला आणि भाडेकरूला सहज हाकलता येणार नाही अशी सोय केली. आत्ताचा कायदा १९८३ चा आहे. त्यात बाग ४०० चौरस मीटरहून मोठी नको, खोपटं म्हणजे लाउबे ओसरीसकट २४ चौरस मीटरच्या आत हवं, आणि तिथे कायमचं राहायचं नाही. आणि भाडं किती घ्यायचं तर त्या भागात भाजी-फळं पिकवणाऱ्या शेतकऱ्याला जमीन ज्या दराने भाड्याने मिळते त्याच्या फार तर चौपट. म्हणूनच भर शहरात असूनही आमचं पाणी, वर्गणी, विमा सगळं धरून वर्षाचे दोन-तीनशे युरो होतात. पुण्यात एवढ्यात वर्षभर पार्किंग मिळणार नाही.

ह्यात एक कळीचा नियम आहे, साधारण एक तृतीयांश जागेत भाजीपाला आणि फळं असलीच पाहिजेत, नुसतं लॉन करून खुर्च्या टाकून बसायचं नाही. हे मोजायला वर्षातून एकदा बागांच्या संस्थेची कमिटी येते. खरंच मोजतात! पाठीमागे हात बांधून तिघं-चौघं फिरतात, वहीत लिहितात, आणि आठवड्याने पत्र येतं की आपली हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, ठरलेल्या उंचीच्या वर गेली आहे. आमच्याकडे हेज सव्वा मीटरच्या वर चालत नाही. दुपारी १ ते ३ आवाज बंद. रविवारी मशीन बंद. १ मार्च ते ३० सप्टेंबर हेज मुळापासून छाटायची नाही कारण पक्ष्यांची घरटी असतात, हा मात्र देशाचाच कायदा आहे. शिवाय वर्षातून काही तास सगळ्यांच्या मिळून असलेल्या वाटा झाडणं, पाईप दुरुस्त करणं, आलं नाही तर दंड. वार्षिक सभा म्हणजे तर आपल्या हौसिंग सोसायटीची एजीएम, फक्त चहाच्या जागी बीअर आणि लिफ्टच्या जागी ट्रॅम्पोलिन. लहान मुलांचा ट्रॅम्पोलिन चालतो की नाही ह्यावर साठ-सत्तर माणसं तावातावाने बोलताना मी ऐकली आहेत.

सुरवातीला मला वाटायचं की एवढे नियम, एवढी कटकट, ह्यात सुख कुठलं? आमच्या शेजारच्या आजी तर कायम कुरकुरत असतात. पाऊस नाही. पाऊस फार. गोगलगायी खूप. यंदा मधमाश्याच नाहीत. पलीकडच्याने अक्रोडाचं झाड लावलंय, वाढलं की सावली माझ्या बीन्सवर येणार. हे सगळं बोलताना चेहरा मात्र असा खुललेला की काय सांगू. हळूहळू लक्षात आलं की ती कुरकुर हेच त्यांचं सुख आहे. ह्या बाईंच्या आयुष्यात देश बदलला, पैसा बदलला, बर्लिनची भिंत पडून पूर्व जर्मनी संपल्यावर ज्या कारखान्यात त्या होत्या तो बंद पडला, मुलगी नोकरीसाठी श्टुटगार्टला गेली ती तिकडचीच झाली. त्या सगळ्याचं त्यांच्या हातात काय होतं? काहीच नाही. गोगलगाय मात्र हातात धरता येते. रात्री बॅटरी घेऊन गेलं, बादली भरली, पलीकडे नेऊन टाकली, झोप लागली. माझं आता ठाम मत झालंय की माणसाला चिंता नसणं हे सुख नाहीच, बेताच्या मापाची चिंता असणं हे सुख आहे, आणि जर्मन लोकांनी ती चक्क संस्था काढून, पावती फाडून, वर्गणी भरून मिळवली आहे.

आजींकडून पूर्व जर्मनीच्या काळातले किस्से ऐकायला मला फार आवडतं. तेव्हा बागवाल्यांचा माल सरकारी दुकान विकत घ्यायचं, आणि घ्यायचा भाव दुकानातल्या विकायच्या भावापेक्षा जास्त असायचा, म्हणजे सकाळी आपली स्ट्रॉबेरी विकायची आणि दुपारी तीच स्वस्तात परत आणायची! हे सांगताना त्या अजून डोळे मिचकावतात. पण महत्त्वाचं म्हणजे त्या काळात कुठे जाता येत नव्हतं, बोलताना चारी बाजूंना बघायला लागायचं, तेव्हा बागेचं फाटक लावून घेतलं की आत आपलं राज्य. "सुट्टीत समुद्रावर जायला नंबर लागेलच असं नव्हतं, इथे नंबर लागलेलाच होता," असं काहीसं त्या म्हणाल्या.

आमच्यात आणि त्यांच्यात खरी दोस्ती जमली ती शेपूवरून. शेपू इथे सगळे लावतात, काकडीच्या कोशिंबिरीत दोन काड्या टाकायला. मी अख्खी जुडी उपटून, मुगाची डाळ घालून भाजी केली आणि डब्यातून दिली तर आजी कुंपणाशी उभ्या राहूनच सगळी खाऊन मोकळ्या, आणि आता त्या शेपू आमच्यासाठी म्हणून वेगळा वाफा करून लावतात. मुळ्याचा पाला, नवलकोलाची पानं, हे सगळं लोक इथे कंपोस्टमध्ये टाकायचे, ते आता आमच्या फाटकाला पिशवीत टांगलेलं असतं. मेथी उन्हाळ्यात छान येते. कोथिंबिरीला मात्र जूनमधला लांब दिवस सोसत नाही, लगेच फुलावर जाते, मग धणे घ्या. मिरचीला काचेचं छप्पर लागतं. आणि टोमॅटो, मिरची, दोडका काहीही असो, १५ मे च्या आधी बाहेर लावायचं नाही असा इथला दंडकच आहे. ११ ते १५ मे ह्या पाच दिवसांना बर्फाळ संत म्हणतात, शेवटची थंडगार सोफी, तिचा दिवस गेला की मग थंडीची भीती संपली. पंचांग न बघणारी ही माणसं सोफीला मात्र घाबरून असतात.

ऑगस्टमध्ये झुकिनीचा पूर येतो. त्याला तर इलाजच नाही, एका वेलावर इतकी येतात की लोक फाटकाबाहेर खोक्यात ठेवतात, "घेऊन जा" असा कागद लावून, आणि कोणी घेत नाही कारण सगळ्यांच्या घरी तेच. मी थालिपीठात घालते, ढोकळ्यात घालते, भज्यांत घालते. नवरा म्हणतो आता चहात घाल.

आता सगळं गोडगोड आहे असंही नाही. २०२० च्या कोरोनात सगळ्यांना अचानक बाग हवीशी झाली आणि वेटिंग लिस्टा लांबल्या, बर्लिनमध्ये तर वर्षानुवर्षं थांबायला लागतं. मोठ्या शहरांत घरं बांधायला जागा नाही म्हणून ह्याच बागांवर डोळा असतो. आम्ही आधी एका संस्थेत चौकशी केली तर आमचं आडनाव ऐकून यादीच बंद झाली, दुसरीकडे मात्र त्याच आठवड्यात बोलावलं. आणि ऑक्टोबरच्या शेवटी पाईप गोठून फुटू नयेत म्हणून पाणी तोडतात की मग एप्रिलपर्यंत काही नाही, फक्त घरात बसून बियांची कॅटलॉगं चाळायची. आजी त्यातही खूश असतात, हिवाळाभर पुढच्या वर्षीच्या गोगलगायींची तयारी चालू.

लायप्झिगला कधी आलात तर स्टेडियमच्या जवळच आखनर श्ट्रासेवर ह्या बागांचं म्युझियम आहे, जुन्या संस्थेच्या इमारतीत, मागे चालू बागाही आहेत. छोटंसं आहे, तासाभरात होतं. जुनी अवजारं आणि खोपट्यांचे नमुने मला आवडले, तक्ते थोडे रटाळ आहेत. मग तसंच मागच्या वाटांवरून चालत जा, लोक हॅलो म्हणतील, म्हणजे तुम्हीही म्हणायचं, नाही म्हटलं तर वाईट दिसतं. मोसम असेल तर कोणी ना कोणी झुकिनी हातात देईलच, ती घ्या, बॅगेत टाका, पण १ ते ३ च्या मध्ये गेलात तर कृपा करून मोठ्याने बोलू नका, नाहीतर पत्र आम्हाला येईल.