बाईंच्या संगणकातले तीन आवाज

संगणक आवाज करतो म्हणून माझ्या दुकानात येणारे बहुतेक ग्राहक ‘पंखा तेवढा बदलून द्या’ असा निकाल घरूनच लावून येतात. साताऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने मात्र तक्रारीऐवजी ध्वनिमुद्रणाची फाइलच पाठवली. या बाई अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करतात आणि त्यांच्या वाचनामागे सतत एक घरघर ऐकू येत होती. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधली नकोसा आवाज कमी करण्याची सोय त्यांनी वापरून पाहिली होती. परंतु घरघरीबरोबर मूळ आवाजाचाही बराचसा भाग पुसला गेला होता आणि उरलेले वाचन पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटत होते.

संगणक दुकानात आणू नका, मीच येतो, असे मी त्यांना कळवले. आवाजाच्या तक्रारीत टेबल, भिंत, प्लग आणि माइकपासूनचे अंतर या साऱ्यांचा हात असतो आणि दुकानात यांपैकी काहीच सोबत येत नाही.

यंत्र ओळखीचेच निघाले. तिसऱ्या पिढीचा कोअर आय-५ प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, चार जीबी रॅमची एकच पट्टी आणि मिनिटाला ७२०० फेरे घेणारी ५०० जीबीची हार्ड डिस्क. २०१२-१३च्या सुमारास जोडलेला हा संच अजून कामाचा होता, फक्त सुरू व्हायला इतका वेळ घेई की तेवढ्यात बाईंचा चहा होत असे. कॅबिनेट उघडण्यापूर्वी मी त्यांना अर्धा मिनिट गप्प बसण्याची विनंती करून खोलीतल्या शांततेचेच मुद्रण केले. (एका शिक्षिकेला गप्प बसायला सांगताना थोडे अवघडल्यासारखे झाले, हे खरे.) मग ऑडॅसिटीत त्या तुकड्याचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेचा आवाज किती आहे याचा आलेख, काढला. त्यातला आकाराचा पर्याय १६३८४ ठेवला की जवळजवळच्या वारंवारता वेगळ्या दिसतात. लहान आकार ठेवल्यास त्या एकमेकींत मिसळतात.

आलेखावर तीन गोष्टी स्वच्छ दिसल्या. एक टोकदार सुळका १२० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १२० कंपनांवर होता. दुसरे, सुळक्यांचे एक कुटुंब ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर होते. या सगळ्यांखाली सळसळीचा रुंद पट्टा पसरलेला होता. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, तेव्हा पहिला सुळका हार्ड डिस्कचा होता, हे सांगायला कॅबिनेट उघडण्याचीही गरज नव्हती. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दुसरे कुटुंब विजेचे होते आणि रुंद पट्टा पंख्यांचा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असते आणि तिचा दुप्पट स्वर १२० वरच येतो. तिथे हा उलगडा इतक्या सहज झाला नसता.

पंखे आधी हाताळले. समान तीव्रतेच्या दोन आवाजांपैकी एक पूर्ण बंद केला तरी पातळी केवळ ३ डेसिबलने उतरते, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतकीच. म्हणूनच एखादा पंखा बदलूनही ‘काहीच फरक नाही’ असे लोक म्हणतात आणि दोष नव्या पंख्याला देतात. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकवर धुळीची जाड गादी बसली होती आणि ती उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचवणारी खालची थर्मल पेस्ट खडूसारखी ठिसूळ झाली होती. त्यामुळे बिचारा पंखा रिकाम्या वेळीही पूर्ण वेगाने फिरत होता. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवली, कारण हवेने गरगर फिरणारा पंखा उलट वीज निर्माण करू शकतो. नवी पेस्ट लावून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) पंख्याचा वेग तापमानाशी जोडल्यावर तो जेमतेम ऐकू येऊ लागला. एसएमपीएसमधला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातला ८० मिलिमीटरचा पंखा किरकिरत होता. तो उघडून तेल घालण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, मी देत नाही. आतल्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. मी १२० मिलिमीटर पंख्याचा नवा एसएमपीएस बसवला. मोठा पंखा तेवढीच हवा कमी वेगात हलवतो.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली साठवण, बसवताच १२०चा सुळका नाहीसा झाला. हार्ड डिस्क स्वतः फारशी गोंगाट करत नव्हती. तिचा कंप कॅबिनेटच्या पातळ पत्र्यात उतरत होता आणि पत्रा तो मोठा करत होता. एच-६१ मदरबोर्डवरची साटा, म्हणजे डिस्क लावण्याची जोडणी सेकंदाला ३ गिगाबिटचीच असल्याने एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही, पण संगणक सुरू होताना खरी अडचण हार्ड डिस्कच्या वाचनशीर्षाच्या धावपळीची असते आणि तीच संपली. रॅमची आणखी एक पट्टी लावून ८ जीबी केले. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११च्या अटींत हा प्रोसेसर बसत नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली टाकली. हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर पोट असलेल्या ग्राहकाला मी हे सुचवले नसते. बाईंना ऑडॅसिटी, ब्राउझर आणि मराठी टंकलेखन एवढेच हवे होते.

तरीही ५०-१००-१५०चे कुटुंब जागचे हलले नव्हते. माइकच्या धातूच्या दांड्याला हात लावला की गुणगुण बदलत होती. मी त्याविषयी विचारताच बाई म्हणाल्या, “अहो, सीपीयूला हात लागला की झिणझिण्या येतात, पण ते तर पहिल्यापासूनच आहे.” टेबलामागे वाकून पाहिले तर तीन पिनांच्या एक्स्टेन्शन बोर्डाला दोन पिनांचा प्लग जोडलेला होता, म्हणजे कॅबिनेटचे अर्थिंग कुठेच पोहोचत नव्हते. भिंतीतल्या सॉकेटचे अर्थिंग मल्टिमीटरने तपासले. ते ठीक होते. तीन पिनांचा बोर्ड लावल्यावर झिणझिण्या थांबल्या आणि गुणगुण जवळजवळ गेली. उरलेली बारीक कुरकुर पुढच्या माइक-जॅकमुळे होती, म्हणून माइकसाठी एक साधे यूएसबी साउंडकार्ड दिले.

माइकची पातळी तीच ठेवून खोलीची शांतता पुन्हा मुद्रित केली. सकाळी उणे ४६ डेसिबलवर असलेला आकडा उणे ६३वर उतरला होता (हा आकडा जितका खाली, तितकी शांतता जास्त). ऑडिओबुकसाठी साधारणपणे उणे ६०च्या खाली असावे, अशी अपेक्षा असते. बाईंनी लगेच विज्ञानाचा एक धडा वाचला आणि आवाज कमी करण्याच्या त्या सोयीला हातही न लावता फाइल जतन केली.

जुनी हार्ड डिस्क यूएसबी केसमध्ये घालून त्यांच्या हवाली केली, मात्र तिच्यात काही सेक्टर (माहिती साठवण्याचे कप्पे) खराब झालेले दिसल्यामुळे मुद्रणांची एकमेव प्रत तिच्यावर ठेवू नका, असे बजावले. पुढे मदरबोर्डने दगा दिला तर त्यावर पैसे घालू नयेत. एसएसडी, एसएमपीएस आणि साउंडकार्ड तिन्ही दुसऱ्या यंत्रात चालतील, हे बिलाच्या मागेच लिहून दिले.