विक्षोभाच्या एक दिवस आधी मनाली

कोल्हापुरात पाऊस लागला की प्रश्न एकच : राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटावर? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. हिमालयातल्या हिवाळी पावसात आकडा विचारायचा तो उंचीचा.

भूमध्य समुद्राकडून निघालेला पश्चिमी विक्षोभ, म्हणजे कमी दाबाची पावसाळी प्रणाली, वरच्या वाऱ्यांसोबत येऊन डोंगरांना अडतो. हवा वर चढते, थंड होते. खाली पाऊस, वर बर्फ. हजार मीटरला साधारण सहा अंश उतरतात. म्हणजे वाटेतल्या, बऱ्याच खालच्या मंडी शहरात आठ अंश असतील, तर २०५० मीटरवरच्या मनालीत पारा शून्याच्या आसपास. विक्षोभ रेंगाळला की दोन-तीन दिवस हेच.

आम्ही हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच मनाली गाठली. घाई बर्फापायी नव्हती, मनालीच्या वाटेवरच्या पंडोह ते औट या पट्ट्यापायी होती. तिथे बियासच्या कडेनं उभे कडे आहेत आणि पावसात दगड सुटतात. करूळ घाट पावसाळ्यात पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. हा भाग उजेडीच काढावा.

गाडीची तयारी मात्र कोल्हापुरातच. आपल्याकडे रेडिएटरमध्ये साधं पाणी ओतायची सवय. उन्हाळ्यात चालून जातं. तिकडे रात्री ते गोठतं, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि रेडिएटर नाहीतर होज फुटतो. सगळं पाणी काढून कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं भरून घ्या. काच धुवायच्या टाकीतही साधं पाणी नको.

स्नो चेन, म्हणजे बर्फात पकड यावी म्हणून टायरवर चढवायची साखळी, इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते त्यांनाच लावायची. बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची. पुढच्या टेम्पोनं मागे लावल्यात म्हणून आपणही मागे लावायच्या, ही नेहमीची चूक. कोरड्या जागी एकदा लावून बघा. लावल्यावर शंभर मीटर चालवून पुन्हा आवळा, वेग तीसच्या आत ठेवा, डांबर दिसलं की काढा. उतारावर ब्रेक दाबत बसू नका. दुसऱ्या गिअरवर सोडा.

रात्री हँडब्रेक ओढू नये, गोठून अडकतो. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा, वायपर उभे करायचे. सकाळी आधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढायचा. तोंड बुजलेलं असताना हीटर लावून आत बसलं, तर विषारी वायू आत येतो आणि त्याला वासही नसतो.

विक्षोभ सरून आभाळ मोकळं झालं की लोक हुरळतात. खरी कडाक्याची रात्र तीच. ढगांचं पांघरूण गेलेलं असतं. दिवसा वितळलेलं पाणी रस्त्यावर गोठून काचेसारखं होतं, आणि ओल्या डांबरापासून ते वेगळं ओळखू येत नाही. सावलीतल्या वळणांवर ऊन पोहोचेपर्यंत निघूच नये. ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्याकडे जाताना पोलीस चेन नसलेल्या गाड्या परत फिरवतात. हुज्जत घालू नका.

परतीला पंडोहजवळ ऊन होतं, तरी दगड येतच होते. पाणी प्यालेली माती पाऊस थांबल्यावरही दिवसभर सुटत राहते. त्या पट्ट्यात चहाला थांबायचं नाही.