चाळीस टक्क्यांचा नवस

नवस आईचा होता आणि त्याची अट पुरी झालेली नव्हती. त्यामुळे मागच्या सप्टेंबरात वैजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी हरेगावच्या पायी दिंडीत निघालो, तेव्हा आपण नेमके काय फेडायला चाललो आहोत, हे मला धड सांगता आले नसते. ‘पोराला पुरा पगार सुरू झाला की मतमाउलीला चालत येईन,’ असे आई 2009 साली बोलली होती. त्या वर्षी शासनाने, ज्यांना कधीच अनुदान मिळायचे नव्हते अशा ‘कायम विनाअनुदानित’ शाळांच्या नावातला ‘कायम’ हा शब्द काढून टाकला, आणि तोवर तीन वर्षे बिनपगारी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला वाटले की आता फार तर वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न आहे. मी मराठी शिकवतो. पण एका शब्दाच्या जाण्याने इतकी माणसे हरखून गेल्याचे दुसरे उदाहरण मला वर्गात देता आलेले नाही. प्रत्यक्षात वीस टक्के अनुदानाचा टप्पा यायला 2016 साल उजाडले, आमच्या शाळेपर्यंत तो त्याहून उशिरा पोचला, आणि आज मी चाळीस टक्के पगारावर आहे. दरम्यान दुसऱ्यांच्या कपाशीत खुरपून आणि बोंडे वेचून माझ्या नोकरीला पोसणारी आई, नवस तसाच ठेवून, दोन वर्षांपूर्वीच्या पौषात गेली.

‘अहो, नवस आईंचा, पगार अजून अपुरा; मग हे चालणं कोणाच्या खात्यावर मांडायचं?’ असे पत्नीने विचारले. तिचा हिशेब पक्का असतो, कारण चाळीस टक्क्यांत घर तीच चालवते. मी थट्टेने म्हणालो की चाळीस टक्के पगाराला चाळीस टक्के नवस, म्हणजे चाळीस किलोमीटरांपैकी सोळा पायी चालेन आणि उरलेल्याला एसटी धरीन. ती हसली नाही. तिने आईची पत्र्याची पेटी उघडली आणि लुगड्यांच्या खालून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक मेणबत्ती काढून माझ्यापुढे ठेवली. हातभर लांब, अंगठ्याहून जाड अशी ती मेणबत्ती आईने कधी आणून ठेवली होती, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. कागदावरची तारीख 2011 ची होती. इतके उन्हाळे पत्र्याच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत काढल्याने ती विळ्यासारखी वाकली होती.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मतमाउली म्हणजे येशूची आई मारिया. तिच्या जन्माचा सण 8 सप्टेंबरला असतो आणि त्याच्या पुढे येणाऱ्या शनिवार-रविवारी श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. एके काळी साखर कारखान्यामुळे नावारूपाला आलेले हे गाव अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. आम्ही मात्र गोदावरीच्या अलीकडचे, मराठवाड्यातले. हीच नदी 1948 पर्यंत निजामाचे राज्य आणि मुंबई इलाखा यांची शीव होती, आणि आजही तिच्या अलीकडे आमचा औरंगाबाद धर्मप्रांत आणि पलीकडे नाशिक धर्मप्रांत आहे. आमच्या भागात 1892 च्या सुमारास घोगरगावला मिशन आले आणि छप्पनच्या, म्हणजे 1899-1900 च्या, दुष्काळानंतर माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. ‘जोंधळ्यासाठी बाटले’ हे वाक्य आमच्या घराने पुष्कळ ऐकले आहे. आजी त्यावर एवढेच म्हणायची की भाकरीसाठी आलो नाही असे म्हणायला माणूस आधी जेवलेला असावा लागतो. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची मागणी क्षमेच्याही आधी येते, हे मी पुढे शिकलो. आजीला ते शिकावे लागले नव्हते.

शुक्रवारी पहाटेच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, दिंडी निघाली. पुढे निळी-पांढरी पताका, मध्ये टाळ आणि ढोलकी, मागे सामानाचा टेम्पो, आणि त्या टेम्पोवर एक कर्णा, जो दर अर्ध्या तासाने शिट्टी मारून बंद पडत असे. आम्ही साठ-सत्तर जण होतो, त्यांत बायका निम्म्याहून जास्त. शुक्रवार म्हणजे जपमाळेत येशूच्या दुःखाच्या रहस्यांचा, म्हणजे प्रसंगांचा, दिवस. बागेतला घाम, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहणे आणि मरण ही पाच रहस्ये, प्रत्येकी दहा मण्यांचे एक दशक, चालता चालता म्हणायची. पहिल्या दहा किलोमीटरांत मला ती फार जवळची वाटली, आणि याचे कारण भक्ती नसून माझ्या उजव्या टाचेला आलेला फोड होता, हे कबूल करायला हवे. दोन्ही बाजूंना कपाशी कमरेला आली होती, पाते-फुले दिसत होती, मका कणसांना आला होता. नांदूर मधमेश्वरच्या जलद कालव्याच्या शेपटाकडची शेते वरच्या शेतांहून फिकट दिसत होती. तिथे पाणी पोचेल की नाही, हे दरवर्षी वरची माणसे ठरवतात. आमचे दीड एकर त्याच शेपटाला आहे.

दुपारी लिंबाखाली बसलो असताना फादरांनी बायबलमधल्या पौलाच्या, थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला उपदेश काढला, सर्व स्थितीत उपकारस्तुती करण्याचा. मला या शब्दाचे वावडे आहे आणि ते का, हेही इथेच सांगून टाकतो. ‘उपकार’ हा शब्द मी देवळात जितका ऐकला त्याहून अधिक आमच्या संस्थेच्या कार्यालयात ऐकला आहे. दहा-बारा वर्षे फुकट शिकवणाऱ्या माणसाला तिथे सांगितले जाते की संस्थेने तुम्हाला ठेवून घेतले हे उपकार माना, सेवा समजा, बाहेर डी.एड., बी.एड. झालेल्यांची रांग लागली आहे. पगार मागणारा कृतघ्न ठरतो. मराठीत उपकार फेडायचे असतात, त्यांचे ओझे असते, माणूस त्यांच्याखाली दबतो. आणि अशा दबलेल्या माणसाने देवापुढेही तोच शब्द उच्चारायचा, हे माझ्या गळ्याखाली कधी उतरले नाही. दुःखाबद्दल देवाचे आभार माना असे जे कोणी खुर्चीवर बसून सांगतात, त्यांच्याविषयी माझे मत अजूनही बदललेले नाही. फादरांना मी हे बोलून दाखवले. ते शांतपणे म्हणाले, ‘सर, तुम्ही व्याकरण शिकवता. पौलाने सर्व स्थितीबद्दल म्हटलेले नाही, सर्व स्थितीत म्हटले आहे. प्रत्यय बघा.’ मी प्रत्यय पाहिला. सप्तमीचा ‘त’ होता. एवढ्याने राग गेला नाही, पण तो नेमका कोणावर होता, हे मात्र जरा स्पष्ट झाले.

मुक्काम एका जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. रात्री पाऊस आला, व्हरांड्यातली माणसे वर्गात सरकली आणि मी पहिलीच्या फळ्याखाली, ‘कमळ’ आणि ‘गवत’ यांच्या खाली, पाय उंच करून पडलो. झोप येईना. खोलीत कोणीतरी दबक्या आवाजात मुलीच्या लग्नाचे कर्ज सांगत होते, कोणी डायलिसिसच्या फेऱ्या मोजत होते, एकाचा मुलगा पुण्याच्या कंपनीत सहा महिन्यांच्या करारावर लागून पुन्हा घरी आला होता. बायबलच्या स्तोत्रसंहितेत 120 ते 134 ही पंधरा स्तोत्रे यरुशलेमेच्या वाटेवर म्हणायची आहेत, आणि त्यांतल्या 126 व्यात रडत रडत बी घेऊन जाणारा एक पेरणारा येतो. तो का रडतो, हे मला लहानपणी कळत नसे. पुढे एका वर्षी पहिला पेरा करपला आणि आईने दुबार पेरणीसाठी दळणाच्या डब्यातली बाजरी काढली तेव्हा कळले: त्याच्या हातात उद्याचे पीक असते, पण ते आजच्या ताटातून उचललेले असते. आईने ती बाजरी सुपात घेतली, तिच्यावर क्रूसाची खूण केली आणि ‘दिलंस, बरं केलंस’ असे म्हणून ती वावराकडे गेली. तेव्हा आभाळात ढग नव्हता. काय दिले होते, हे विचारण्याचे वय माझे नव्हते.

शनिवारी टाचेला चिंधी बांधून निघालो. दिवस आनंदाच्या रहस्यांचा होता. सकाळी नवाच्या सुमारास रस्त्याकडेच्या एका वस्तीवर चहासाठी थांबवून घेतले गेले. घर वारकऱ्यांचे होते. ओसरीवर पांडुरंगाची तसबीर, खुंटीला वीणा. साठीच्या बाईंनी सगळ्यांना चहा दिला, माझ्या पायाकडे बघून हळद आणि तेल आणले आणि विचारले, ‘कुठल्या माउलीची दिंडी ही?’ मी सांगितले. त्यांना यात्रा माहीत होती, एकदा त्या जाऊनही आल्या होत्या. पदराची गाठ सोडून त्यांनी दहाची नोट काढली आणि म्हणाल्या, ‘माझी पण एक मेणबत्ती लावा. सून पोटुशी हाय, पुढच्या महिन्यात दिवस भरतील.’ मी म्हटले, ‘मावशी, सगळं नीट होऊ द्या, मग तुम्हीच या आणि लावा.’ त्या जरा चिडल्यासारख्या झाल्या. ‘मग कशाला? झाल्यावर कोणीबी लावतं. आज लावा.’

नोट खिशात घालून मी पुढे गेलो, आणि त्यानंतरचे दोन-तीन किलोमीटर टाचेची आठवण झाली नाही. जपमाळेत आम्ही दुसऱ्या रहस्यावर होतो: मारिया आपल्या नात्यातल्या अलिशिबेला भेटायला जाते. तीही पायीच गेलेली असणार, नासरेथाहून यहूदीयाच्या डोंगराळ भागात, कित्येक दिवसांची वाट, पोटात मूल आणि गावात लोक काय म्हणतील याचा अजून पत्ता नाही. लग्न टिकेल की नाही, हेही ठरलेले नाही. आणि अलिशिबेच्या उंबऱ्यावर ती जे गाणे म्हणते ते लूकने आपल्या शुभवर्तमानात लिहून ठेवले आहे. ते गाणे मी बालपणापासून म्हणत आलो आहे, परंतु व्याकरणाच्या नजरेने त्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. देवाने भुकेल्यांना तृप्त केले आहे, गर्विष्ठांची दाणादाण केली आहे, सत्ताधीशांना आसनांवरून खाली ओढले आहे: सगळी क्रियापदे झालेल्या गोष्टीची आहेत. प्रत्यक्षात हेरोद राजा आपल्या गादीवर होता, त्याच्या वर रोमची सत्ता होती, भुकेले भुकेलेच होते. माझ्या वर्गात कोणी असा काळ वापरला असता, तर मी लाल शाईने गोल केला असता. शिवाय त्या गाण्यात खुर्चीवाल्यांचे उपकार मानलेले कुठेही नाहीत, उलट त्यांना उठवलेले आहे. आणि तरीही ते पहिल्या शब्दापासून स्तुतीच आहे. संस्थेच्या कार्यालयात ऐकलेला शब्द आणि हा शब्द एक नव्हेत, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी, हळद लावलेल्या टाचेने चालताना कळले, याची थोडी लाज वाटली.

गोदावरीच्या पुलावर दिंडी थांबली. वरून पाणी सोडलेले असावे, कारण नदी गढूळ आणि रुंद होती. हेच पाणी पुढे पैठणला नाथसागरात जाते. बायकांनी पुलाच्या कठड्यापाशी उभे राहून गाणे म्हटले, कर्ण्याने नेहमीप्रमाणे मध्येच दगा दिला, आणि त्यामुळे गाणे जास्त चांगले ऐकू आले. मी पाठीवरच्या पिशवीतली मेणबत्ती चाचपून पाहिली. एकाच वर्तमानपत्रात पंधराएक वर्षे राहिल्याने कागदाची शाई मेणावर उतरली होती आणि ‘पावसाची शक्यता’ एवढी अक्षरे उलटी वाचता येत होती.

हरेगावला पोचेपर्यंत अंधार झाला. गर्दीचे वर्णन करत नाही, ती सर्वच यात्रांत सारखी असते: पाळणे, बांगड्या, हरवलेली मुले, ध्वनिक्षेपकावरून त्यांची नावे. रांगेत दोन तास गेले. माझ्यापुढे एक मुस्लिम जोडपे होते, मागे नाशिककडची एक म्हातारी. मतमाउलीसमोर पोचल्यावर बोलायला ठरवलेले काही आठवले नाही. पुऱ्या पगाराचेही आठवले नाही, ते रविवारी मिस्साच्या वेळी आठवले आणि तेव्हा मागितले. मागायचे सोडून दिले असे कोणी समजू नये, पुढच्या आंदोलनालाही मी जाणार आहे. त्या घटकेला मी मावशींची मेणबत्ती लावली आणि मग आईची. वाकलेली असल्याने ती उभी राहीना. दोनदा पडली. शेवटी एका स्वयंसेवक मुलाने ती माझ्या हातातून घेऊन वाळूच्या पेटीत आडवी रोवली, ज्योत वर येईल अशी, आणि ‘पुढं सरका, काका’ म्हणाला. दाराशी पोचून मागे वळून पाहिले तर जागा करण्यासाठी त्याने ती विझवून इतरांबरोबर टोपलीत टाकलेली होती.

पत्नी आणि मुलगी रविवारी सकाळी एसटीने आल्या. महागुरुस्वामींच्या, म्हणजे बिशपांच्या, मिस्सानंतर आम्ही तिघे एकत्र परतलो. मुलगी माझ्या खांद्यावर डोके टाकून झोपली. पूल ओलांडताना पाऊस सुरू झाला आणि खिडकीतून सपकारे आत येऊ लागले.

‘आईंची मेणबत्ती किती वेळ जळली?’ पत्नीने विचारले.

‘मिनिटभर असेल. फार तर दोन.’

तिने काच ओढायचा प्रयत्न केला, ती अडकली, मग दोघांनी मिळून ओढली. ‘आणि त्या चहावाल्या बाईंची?’

‘तिची जळतच होती,’ मी म्हणालो.