तुम्ही विचारलंत म्हणून: ‘अठरा वर्षं कळलंच कसं नाही?’

मावशी विचारते, भिशीतल्या बायका विचारतात, घटस्फोटाच्या वेळी वकीलबाईंनी फायलीतून मान वर न करताही विचारलं.

नाही कळलं. कळायला आधी कुणालातरी संशय यावा लागतो. मुलगा-मुलगी गच्चीवर दिसले तर अख्खी गल्ली जागी होते. आम्ही दोघी सांगलीच्या होस्टेलात एका कॉटवर झोपायचो, रविवारी एकमेकींच्या डोक्याला तेल लावायचो, तर रेक्टरबाई कौतुक करायच्या. ‘मैत्रीण’ या शब्दात सगळं मावत होतं. माझ्यासाठीसुद्धा.

२००१च्या मे महिन्यात तिचं लग्न झालं, मिरजेला. मुंडावळ्या मीच बांधल्या. मंगलाष्टकं सुरू झाली. पहिल्या ‘सावधान’ला माझा हात उठला नाही. दुसऱ्यालाही नाही. शेजारच्या काकूंनी कोपरानं ढोसलं, “टाक की गं!” अंतरपाट निघाला, वाजंत्री वाजली, माणसं पंगतीकडे पळाली आणि माझी मूठ तशीच. मी जेवले नाही, उजवा हात मोकळा नव्हता. एसटीत तिकीट घ्यायला मूठ उघडावी लागली. घामानं तांदूळ तळव्याला चिकटले होते, कुंकवाचा रंग तिकिटावर उतरला. कंडक्टर म्हणाला, “ताई, लागलं काय?”

“नाही, लग्नाला गेले होते.”

मग चार दिवस ताप. आई म्हणाली, ऊन लागलं. मीही तेच धरलं. पुढच्या वर्षी माझं लग्न.

नवरा वाईट नव्हता. हे मुद्दाम लिहिते, कारण तो वाईट निघाला की तुमची सोय होते. मी नाटक केलं नाही. घराचे हप्ते, मुलीचे क्लास, त्याच्या आईचं पथ्य, यात माया लागतेच. आणि अंगाचं म्हणाल, तर बायकांना इतपतच असतं अशी माझी समजूत होती. ओळखीतल्या निम्म्या बायकांची अजून आहे.

६ सप्टेंबर २०१८. प्रौढांच्या राजीखुशीचे समलिंगी संबंध सुप्रीम कोर्टानं ते गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून बाहेर काढले, त्या दिवशी ऑफिसात डबा खाताना कुणीतरी पाचकळ विनोद केला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. रात्री कणीक मळताना ते हसू आठवून लाज वाटली, आणि पाठोपाठ ती मूठ आठवली. सतरा वर्षांत एकदाही आठवली नव्हती.

त्यानंतर महिनोन्महिने मी वही घेऊन बसायचे. तेव्हाची मी भांडायची, “ऊनच लागलं होतं. आता सोयीचं तेवढं वेचतेस.” तिचं सगळंच चूक नाही. नववीत एक मुलगा आवडायचा, तोही खराच. त्याला या हिशेबात कुठं मांडू? ‘समलिंगी’ हा शब्द मी आता उच्चारते, पण कधीकधी दुसऱ्याची कवळी तोंडात घातल्यासारखा वाटतो.

तिला माहीत होतं का, हेही विचारता. गेल्या वर्षी मुलाच्या बारावीचे पेढे घेऊन आली होती. माझ्या डोक्याकडे बघत म्हणाली, “किती गं विरळ झाले केस! तेल लावत नाहीस का?”

म्हटलं, “वेळ कुठं असतो.”