चेंडू हवेत होता का?

माझे बाबा पुण्यात क्लब क्रिकेटचे स्कोअरर. रविवारी सकाळी डबा, दोन रंगांची पेनं आणि पावसाचा भरवसा नाही म्हणून वहीवर घालायला एक प्लास्टिकची पिशवी, एवढं घेऊन निघायचे. शाळेत होते तेव्हापासून त्यांच्या शेजारी बसून मी ठिपके घालायला शिकले. पुढे लग्न होऊन ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजच्या गावात आले आणि त्या कॉलेजच्या क्रीडा माहिती विभागात अर्धवेळ कामाची जागा निघाली. मुलाखतीत मी बिनदिक्कत सांगून टाकलं, "स्कोअरिंग येतं मला." मला वाटलं फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल, लिहून लिहून काय लिहायचं असणार? गोल आणि कार्डं. समोरच्या साहेबांना वाटलं, ही बाई अमेरिकन फुटबॉल कोळून प्यायली आहे. पहिल्या शनिवारी दोघांचाही गैरसमज दूर झाला.

आता सहावं वर्ष. शनिवारी प्रेस बॉक्समध्ये आम्ही चौघं बसतो. दुर्बीण लावून मोठ्याने सांगणारे ते कॉलर, निवृत्त गृहस्थ, मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणते. टॅकल कुणी केला, म्हणजे चेंडूवाल्याला कुणी पाडलं, ते बघणारा एक विद्यार्थी. कागदावर समांतर नोंद ठेवणारी एक मुलगी. आणि कीबोर्डवर मी. "चोवीस, रन, एकतीसवर, टॅकल अठ्ठेचाळीस आणि पाच," असं आजोबा बोलतात आणि पुढचा डाव सुरू व्हायच्या आत ते आत गेलेलं असावं लागतं. प्रेस बॉक्समध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत, हा अलिखित नियम. आपल्याच मुलाने टचडाऊन केला तरी चेहरा पोस्टमनसारखा ठेवायचा.

या खेळाचे हिशेब विचित्र आहेत. क्वार्टरबॅकला, म्हणजे डाव चालवणाऱ्या, पास टाकणाऱ्या खेळाडूला, पास टाकायच्या आधीच मागे पाडलं, की जेवढे यार्ड गेले तेवढे कॉलेज फुटबॉलमध्ये त्याच्या धावण्यातून वजा होतात. व्यावसायिक एनएफएलमध्ये तेच संघाच्या पासिंगमधून जातात. सामना जिंकत आल्यावर वेळ काढायला क्वार्टरबॅक चेंडू घेऊन नुसता गुडघा टेकतो, तेव्हा गेलेला यार्ड कुणाच्याच नावावर टाकत नाहीत, 'टीम' नावाच्या एका अदृश्य खेळाडूच्या नावावर जातो. मला हा 'टीम' फार आवडतो. आपल्या अवांतर धावांचा अमेरिकेतला चुलतभाऊ.

2024 च्या मोसमात आमच्या चोवीस नंबरने कॉलेजचा एका मोसमातल्या धावण्याचा, म्हणजे चेंडू घेऊन धावून काढलेल्या यार्डांचा, विक्रम दृष्टिपथात आणला. आमचं कॉलेज डिव्हिजन थ्रीमधलं, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. मुलं फी भरून, अभ्यास सांभाळून खेळतात. जुना विक्रम हातानं लिहायच्या काळातला. त्याचे कागद तळघरातल्या एका खोक्यात होते, कडेने पिवळे पडलेले, एका सामन्याच्या कागदावर कॉफीच्या कपाचं गोल वर्तुळ. मी दोन दुपारी बसून ती सगळी बेरीज पुन्हा केली. जुळली. कुणी सांगितलं नव्हतं करायला, पण मोडायच्या आधी खरा आहे का ते बघायला नको?

त्या वर्षी वातावरणही तसंच होतं. तिकडे आयडाहोमध्ये बॉइसी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी बॅरी सँडर्सच्या एका मोसमातल्या धावण्याच्या विक्रमामागे लागला होता. सँडर्सचे 1988 मधले 2,628 यार्ड, तेही फक्त 11 सामन्यांत. मोसमानंतरच्या बोल सामन्यात त्याने आणखी 222 काढले होते, पण तेव्हा एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची देशभरची संस्था, बोल सामने धरत नसे. ते धरायला लागले 2002 पासून. धरले असते तर 2,850 झाले असते. प्रेस बॉक्समध्ये सँडविच खाता खाता दर शनिवारी यावर वाद. जेंटी शेवटी 31 डिसेंबरला फिएस्टा बोलमध्ये 104 यार्ड काढून 2,601 वर थांबला, 14 सामन्यांत. सत्तावीस यार्ड मागे. पण ते पुढचं.

आमचा शेवटचा सामना. हवा अशी की बोटं कीबोर्डवर टेकवली की टोचत होती, खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, नाहीतर मैदानाचा आवाज कळत नाही. सामना आमच्या खिशात होता, चोवीस नंबर मात्र थकत चालला होता. चौथ्या क्वार्टरच्या शेवटाकडे विक्रम मोडायला सात यार्ड हवे होते. दोन मिनिटांच्या आत वेळ राहिली होती आणि समोरच्यांचे टाइमआउट संपलेले, म्हणजे घड्याळ थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं.

चोवीस डावीकडून आडवा पळत आला, क्वार्टरबॅकच्या समोरून. क्वार्टरबॅकने चेंडू हातात घेतला न घेतला तोच पुढे ढकलला आणि चोवीसने तो पळतापळता पोटाशी धरला. कडेने निघाला, एकाला चुकवला, अकरा यार्ड. मैदानात एकच गलका. शेजारच्या खोलीतल्या माइकवरच्या निवेदकाला राहवलं नाही. एरवी तो आमच्याकडून आकडा घेतल्याशिवाय बोलत नाही. त्या दिवशी बोलला: कॉलेजच्या इतिहासातला नवा विक्रम!

आजोबांनी दुर्बीण खाली केली. "पास," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून पुन्हा, हळू: "पास. कम्प्लीट. अकरा."

मीही तेच बघितलं होतं. ही चाल दिसायला धावण्याचीच, पण क्वार्टरबॅकने चेंडू आपल्या जोडीदाराच्या हातात दिला तर तो रन. हातातून सोडला, आणि तो पुढे गेला, मग भले चार बोटं का असेना, तर पास. कोच लोक मुद्दामच सोडायला शिकवतात. कारण जोडीदाराने तो धरला नाही तर तो फक्त हुकलेला पास, हातात देताना पडला तर फंबल, आणि फंबल कुणीही उचलतो.

मी पास टाकला. स्क्रीनवर चोवीसच्या धावण्याचा आकडा जागचा हलला नाही.

खाली कोचने त्याला बाहेर बोलावलं होतं. मुलं त्याला मिठ्या मारत होती, कुणीतरी हेल्मेट ओढून काढलं. आमच्या साहेबांनी बाकाजवळचा फोन फिरवला. वरून मला तो फोन दिसत होता, लाल रंगाचा, टेबलाच्या कोपऱ्यावर, आणि त्याच्याकडे पाठ करून उभी असलेली माणसं. कुणीही उचलला नाही. टॅकलवाल्या विद्यार्थ्याला जिन्याने पळवलं. तो खाली पोचेपर्यंत क्वार्टरबॅकने दुसऱ्यांदा गुडघा टेकला होता. एक यार्ड वजा, 'टीम'च्या नावावर. दुसरा यार्ड वजा, 'टीम'च्या नावावर. घड्याळ संपलं.

तेव्हा मला भाऊसाहेब निंबाळकर आठवले, कुठल्याही पुणेकर स्कोअररच्या मुलीला आठवतील तसे. 1948 चा डिसेंबर, पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, भाऊसाहेब 443 वर नाबाद, ब्रॅडमनचे 452 समोर दिसतायत, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर काठियावाड मैदानात यायलाच तयार नाही. पण निदान तिथे अडवणारा प्रतिस्पर्धी होता. इथे आमच्याच माइकने घात केला.

रविवारी सकाळी बाबांना फोन लावला. त्यांना या खेळातलं ओ की ठो कळत नाही, तरी वीस मिनिटं समजावून सांगितलं.

"अंपायर काय म्हणाला?" त्यांचा पहिला प्रश्न.

"काहीच नाही. रन की पास ते तो खूण करून सांगत नाही. चेंडू खाली पडला असता तर ठरवला असता त्याने. धरला, विषय संपला."

"मग ठरवतं कोण?"

"मी. म्हणजे आम्ही."

ते बराच वेळ गप्प. "हे वाईट आहे गं," म्हणाले. आणि मला पटलं. चाळीस वर्षं त्यांनी लेगबायची खूण झाली की हात वर करून पोच दिली आणि लेगबाय लिहिलं. अठ्ठ्याण्णववरचा पोरगा बॅटला लागला होता म्हणून ओरडत राहिला तरी. त्यात त्यांचं मत कुणी विचारलं नाही आणि त्यांना ते सोयीचं होतं. यजमान संघाचा स्टॅट क्रू, म्हणजे आम्ही आकडे लिहिणारे, मात्र अंपायरविना अंपायर असतो.

सोमवारी साहेबांच्या खोलीत बैठक. कोच स्वतः आले. ओरडले वगैरे अजिबात नाहीत, तसे सज्जन गृहस्थ. स्वतःच्या खेळाच्या यादीवर बोट ठेवून म्हणाले, "आमच्याकडे हा रनमध्येच लिहिलेला आहे. अडवणारे रनसारखं अडवतात. पोराला मी बाहेर काढला, चूक माझी आहे. एवढं दुरुस्त होत नाही का?" दुरुस्ती करता येते. सामन्यानंतर फिल्म बघून आकडे बदलणं हा आमच्या कामाचाच भाग आहे, दर आठवड्याला एखादा टॅकल इकडचा तिकडे होतो.

मग फिल्म लावली. बाजूच्या कॅमेऱ्यात तिरकस दिसतं, कारण कॅमेरा मधल्या रेषेवर आणि खेळ तीस यार्डांच्या रेषेच्या आसपास. एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या, मागचा कॅमेरा बघितला तर चेंडू पुढे गेला की मागे ते कळत नाही, पण हातांमध्ये फट आहे की नाही ते कळतं. एकेक चौकट पुढे नेली. एका चौकटीत चेंडू क्वार्टरबॅकच्या बोटांवर. पुढच्यात चार हात आणि मध्ये चेंडू, कुणाच्याच हातात नाही, शिलाई वरच्या बाजूला, पलीकडचं हिरवं गवत दोन्हीकडून दिसतंय. त्याच्या पुढच्यात चोवीसच्या पोटाशी. बाजूच्या कॅमेऱ्यात तोच क्षण धरला, मैदानावरच्या यार्डाच्या खुणेशी लावून बघितलं. पुढे. फार नाही, पण पुढे.

कोच म्हणाले, "वीतभर."

मी म्हटलं, "हाच खेळ या मोसमात आधी चार वेळा झालाय. चारही वेळा मी पास टाकलाय. त्याची कुणी चौकशी केली नाही. आज हा बदलला तर तेही बदलावे लागतील." साहेब माझ्याकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर ते चार बदलले असते तर विक्रम आधीच्याच आठवड्यात मोडला असता, आणि हे त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं. सांगितलं नाही. कोचने डोकं हलवलं आणि यादीची घडी घालून खिशात ठेवली.

बुधवारी चोवीस नंबर स्वतः आला. दारात उभा राहून, "मॅम, मला बघता येईल?" उंचपुरा, पण खुर्चीत बसला तो प्राचार्यांनी बोलावल्यासारखा. मी तीच चौकट लावून दिली आणि माउस त्याच्या हातात दिला. त्याने स्वतः मागे पुढे केलं, तीन वेळा. तिसऱ्या वेळी मधल्या चौकटीवर थांबला आणि स्क्रीनला नाक लावून बघितलं.

"हवेत आहे," तो म्हणाला.

"हो."

थोडा वेळ काही बोलला नाही. बाहेर कुणीतरी फोटोकॉपी मशीनवर शंभर पानं काढत होतं, त्याचाच आवाज. मग म्हणाला, "म्हणजे कॅचमध्ये एक वाढला ना माझा?"

वाढला होता. अकरा यार्डांचा. तो मी शनिवारीच टाकला होता, तसं त्याला दाखवलं.